पेशंट कुणाचा?

ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या त्या घटनेनंतर महाराष्ट्रातले निवासी डॉक्टर संपावर गेले, त्यात माझी धाकटी बहीणही होती. ती अ‍ॅनेस्थेशियात पीजी करते. इमर्जन्सी चालू, ओपीडी आणि आधी ठरलेली ऑपरेशनं बंद, असा तो संप होता. दुसऱ्या की तिसऱ्या रात्री तिचा फोन आला. सकाळी ओपीडीच्या दाराशी एक बाई भेटली होती. कडेवर वर्षभराचं पोर, हर्नियाचं ऑपरेशन. तारीख मिळायला दोन महिने लागले होते आणि पहाटेची एसटी धरून ती आली होती. तिला परत पाठवलं.

मी म्हणालो, "अगं, पण तुमच्या मागण्या तर बरोबर आहेत."

"मागण्या बरोबर आहेत. ती बाईपण बरोबर होती."

मग थोडं थांबून म्हणाली, "तुझं बरंय दादा. तुझा सर्व्हर झोपला तर कुणी मरत नाही."

तिचा टोला बरोबर बसला, कारण त्याच सुमारास मी म्यानमारच्या डॉक्टरांबद्दल बरंच काही वाचत होतो. त्या वाचनाची सुरुवात डॉक्टरांपासून झाली नव्हती, एका आलेखापासून झाली होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये मी नोकरीला नवा होतो, घरून काम करत होतो, आणि कुणीतरी ऑफिसच्या ग्रुपवर म्यानमारच्या इंटरनेट वापराचा आलेख टाकला. १५ फेब्रुवारीपासून रोज रात्री एक वाजता रेघ कड्यावरून पडल्यासारखी खाली यायची आणि सकाळी नऊला पुन्हा वर चढायची. रोज, घड्याळ लावल्यासारखी. आमच्यापैकी एकाने लिहिलं, 'क्लीन शटडाऊन आहे.' मीही त्यावर अंगठा दिला. त्या आठ तासांत सैनिक घरोघर जाऊन माणसं उचलत होते, हे मला बऱ्याच नंतर कळलं.

तर आधी काय झालं ते सांगतो.

म्यानमारमध्ये कोविडचं लसीकरण २७ जानेवारी २०२१ ला सुरू झालं. पहिला मान अर्थातच डॉक्टर-नर्सेसचा. लस कोविशील्ड, भारताने भेट दिलेले १५ लाख डोस, सीरम इन्स्टिट्यूटमधून गेलेले. म्हणजे मी राहतो त्या पुण्यात बनलेली लस मला मिळायच्या आधी मंडालेच्या डॉक्टरांना मिळाली होती. पाच दिवसांनी, १ फेब्रुवारीच्या सकाळी, नव्या संसदेची पहिली बैठक व्हायच्या काही तास आधी लष्कराने सत्ता घेतली. आंग सान सू ची आणि त्यांच्या पक्षाचे नेते पकडले गेले. नोव्हेंबर २०२० ची निवडणूक त्यांच्या पक्षाने प्रचंड फरकाने जिंकली होती. लष्कराचं म्हणणं, मतदारयाद्यांत घोटाळा होता.

पहिला मोठा विरोध राजकारण्यांकडून आला नाही, तो सरकारी डॉक्टरांकडून आला. मंडाले, नेपिडो आणि इतर शहरांतल्या सरकारी रुग्णालयांच्या डॉक्टरांनी ३ फेब्रुवारीपासून लष्कराच्या हाताखाली काम करायला नकार दिला. कोटाला लाल फीत लावली, तीन बोटं वर करून फोटो काढले आणि चळवळीला नाव दिलं सविनय कायदेभंग. तिथे तिला सगळे सीडीएम म्हणतात. त्यांच्यामागून शिक्षक आले, रेल्वेवाले आले, बँकांचे कर्मचारी आले, वीज मंडळाचे आले. लोक रात्री आठ वाजता बाल्कनीत येऊन भांडी वाजवू लागले. भांडी वाजवून घरातली पिडा बाहेर काढायची, अशी तिथली जुनी रीत आहे. आपणही वर्षभर आधी थाळ्या वाजवल्या होत्या, डॉक्टरांसाठीच. त्यांची भांडी डॉक्टरांनी केलेल्या बंडासोबत वाजत होती. दोन्हींत आवाज सारखाच आला असणार.

मंडाले म्हटलं की मराठी माणसाला टिळक आठवतात. सहावीच्या पुस्तकापासून ते नाव आपल्या डोक्यात 'तुरुंग' या शब्दाला चिकटलेलं आहे. १९०८ ते १९१४ टिळक तिथे होते आणि तिथेच त्यांनी पेन्सिलीने गीतारहस्य लिहिलं. ब्रह्मदेश तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच भाग होता आणि १८६० ची दंडसंहिता दोघांना एकच होती. टिळकांना ज्या १२४-अ कलमाखाली शिक्षा झाली, ते म्यानमारच्या कायद्यात अजून आहे. शंभर वर्षांनी डॉक्टरांवर जे ५०५ कलम लावलं गेलं, तेही त्याच संहितेतलं. लष्कराने सत्तेवर आल्यावर पंधरा दिवसांच्या आत त्यात भर घातली. भीती पसरवणं, खोटी बातमी पसरवणं, सरकारी कर्मचाऱ्याला कामापासून परावृत्त करणं, तीन वर्षांपर्यंत कैद. मला या योगायोगातून काही मोठं सिद्ध करायचं नाही. पण गीतारहस्याचं दुसरं प्रकरण 'कर्मजिज्ञासा' आहे आणि त्याचा विषय नेमका हा आहे की चांगल्या माणसासमोर दोन कर्तव्यं एकमेकांच्या आड येऊन उभी राहतात तेव्हा त्याने काय करायचं. टिळक तिथे हॅम्लेट आणि कोरिओलेनसलाही साक्षीला आणतात. मंडालेच्या डॉक्टरांना ते पुस्तक माहीत असण्याचं काही कारण नाही. प्रश्न मात्र त्याच गावात, दुसऱ्यांदा, पडला होता.

प्रश्न असा. मी अन्यायाला विरोध केला आणि त्यासाठी नोकरी गमावली, तुरुंगात गेलो, देश सोडला, तर ती किंमत मी मोजतो. त्यावर कुणाला बोलायचा हक्क नाही. पण डॉक्टर काम थांबवतो तेव्हा पहिलं बिल पेशंटच्या नावावर फाडलं जातं. त्या पेशंटला कुणी विचारलेलं नसतं. तो कदाचित लष्कराच्या विरोधातलाच असेल, कदाचित त्याला राजकारणाशी घेणंदेणं नसेल, कदाचित तो सैनिकाचा बाप असेल. दुसऱ्याच्या शरीराने मोजलेला विरोध नैतिक असतो का?

लष्कराने हा प्रश्न फार मोठ्या आवाजात विचारला. त्यांच्या प्रवक्त्याने संपावरच्या डॉक्टरांवर थेट नरसंहाराचा आरोप केला. त्याच लष्कराने २०१७ मध्ये सात लाखांहून जास्त रोहिंग्यांना जाळपोळ करून सीमेपार हाकललं होतं, त्यामुळे त्यांच्या तोंडी हा शब्द ऐकून हसावं की रडावं कळत नाही. पण विचारणारा बदमाश आहे म्हणून प्रश्न खोटा ठरत नाही. सोशल मीडियावर आपली ही सवय झाली आहे. कोण विचारतंय ते बघायचं, काय विचारलंय ते सोडून द्यायचं. डॉक्टरांनी स्वतः ही पळवाट घेतली नाही असं त्यांच्या मुलाखती वाचून जाणवतं.

त्यांच्या बाजूने सहसा पहिलं उत्तर दिलं जातं की त्यांनी पेशंट सोडलेच नव्हते. ते खरं आहे. सरकारी रुग्णालयातून बाहेर पडलेले डॉक्टर धर्मादाय दवाखान्यांत, खाजगी क्लिनिकांत, बौद्ध मठांत, लोकांच्या घरी जाऊन फुकट उपचार करत होते. निदर्शनांत गोळ्या लागलेल्यांना उचलून आणत होते. पुढे फोनवरून तपासणारे गट उभे राहिले. पण माझी बहीण या उत्तरावर समाधानी झाली नाही. मी तिला हे सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "मठात व्हेंटिलेटर होता का? डायलिसिस?" नव्हता. ज्या देशात मोठी यंत्रं सरकारी रुग्णालयांतच होती, तिथे रुग्णालय सोडणं म्हणजे काही विशिष्ट आजारांच्या पेशंटना सोडणंच होतं. जुलै २०२१ मध्ये डेल्टाची लाट आली तेव्हा यांगूनमध्ये लोक रिकामे सिलिंडर घेऊन रांगेत उभे होते. त्यातले किती संपामुळे गेले, किती लष्कराने ऑक्सिजनच्या खाजगी विक्रीवर घातलेल्या बंधनांमुळे, किती कशानेही वाचले नसते, हा हिशेब मांडता येणार नाही. संपाचा वाटा शून्य होता असं मात्र मी म्हणणार नाही.

दुसरं उत्तर मला जास्त वजनदार वाटतं. ते पेशंट आधी कुणाच्या हाताने मरत होते? २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने जगातल्या आरोग्यव्यवस्थांची क्रमवारी लावली, त्यात म्यानमार १९१ देशांत १९० वा होता. हे चार दशकांच्या लष्करी राजवटीचं प्रगतिपुस्तक. १९८८ च्या उठावात १० ऑगस्टला सैनिकांनी रंगूनच्या मुख्य रुग्णालयावर गोळ्या झाडल्या, नर्सेसना गोळ्या लागल्या. २०१० नंतर जरा मोकळीक आली, आरोग्याचा खर्च वाढला, आणि २०२१ मध्ये तिशीत असलेल्या डॉक्टरांनी आपल्या हयातीत पहिल्यांदा रुग्णालयात औषधं वेळेवर येताना पाहिली होती. त्यांच्यासाठी लष्कर परत येणं ही टीव्हीवरची बातमी नव्हती. आपला वॉर्ड पुढच्या तीस वर्षांत कसा दिसणार, हे त्यांना नेमकं माहीत होतं. डॉक्टर पेशंट म्हणून कोणाकडे बघतो, समोरच्या खाटेवरच्या एकाकडे की पुढे येणाऱ्या हजारोंकडे?

इथे माझ्यातला इंजिनिअर लगेच खूश होतो. आकडे मांडा, आजचे मृत्यू विरुद्ध उद्याचे मृत्यू, बेरीज-वजाबाकी करा, निर्णय तयार. पण याच तर्काने जगातल्या प्रत्येक हुकूमशहाने आजची माणसं उद्याच्या नावावर मारलेली आहेत. आणि भविष्यातल्या हजारांसाठी समोरच्या एकाला सोडायची सवय लागलेला डॉक्टर मला तरी माझ्या आईसाठी नको. त्यामुळे हे उत्तर वजनदार असलं तरी पूर्ण नाही, आणि ते पूर्ण नाही हे मान्य करूनही ते डॉक्टर बरोबर होते असं मला वाटतं. का, ते सांगण्याआधी त्यांचं पुढे काय झालं ते बघू.

एप्रिलमध्ये सरकारी टीव्हीवर रात्री आठच्या बातम्यांत याद्या येऊ लागल्या. फोटो, नाव, हुद्दा, कलम ५०५. नट, गायक, पत्रकार आणि डॉक्टर. म्हणजे ज्या वेळेला लोक भांडी वाजवत होते, त्याच वेळेला टीव्हीवर नावं वाचली जात होती. त्या वर्षीच्या मध्यापर्यंत ४०० च्या आसपास डॉक्टरांवर अटकेचे हुकूम निघाले होते. परवाने रद्द झाले, पासपोर्ट रद्द झाले. पुढे मंडालेतल्या काही खाजगी रुग्णालयांना सीडीएमवाल्या डॉक्टरांना कामावर ठेवल्याबद्दल टाळं लागलं. मंडालेच्या वैद्यकीय विद्यापीठातले एक शल्यचिकित्सक, डॉ. माउंग माउंग न्येन टुन, जूनमध्ये पकडले गेले आणि ऑगस्टमध्ये कोठडीत असतानाच कोविडने गेले.

डॉ. टार टार लिन यांची गोष्ट वेगळी सांगावी लागेल. त्या देशाच्या लसीकरण कार्यक्रमाच्या प्रमुख होत्या, म्हणजे पुण्याहून गेलेल्या त्या लशींचं वाटपही त्यांच्याच खात्याकडे. त्या चळवळीत आल्या, लपल्या आणि जूनमध्ये यांगूनमध्ये नवरा आणि लहान मुलासकट पकडल्या गेल्या. त्यांच्यावरच्या आरोपांपैकी एक असा की लसीकरणासाठी आलेला आंतरराष्ट्रीय निधी त्यांनी लष्कराच्या हाती पडू न देता देणाऱ्यांकडे परत पाठवला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा थांबलो. लसीकरणाचा पैसा परत पाठवला! जिने आयुष्यभर लशी पोचवल्या, तिने. भ्रष्टाचाराच्या खटल्यात सहसा माणूस पैसे घरी नेतो. इथे पैसे परत केले म्हणून भ्रष्टाचार. पण विनोद बाजूला ठेवला तर त्या पैशातून होणारं लसीकरण झालं नाही, हेही खरंच. त्यांनी तेव्हा काय विचार केला असेल याची मी कल्पना करून बघतो. पैसा ठेवला तर तो लशीवर खर्च होईल की बुटांवर आणि गोळ्यांवर, हे ठरवणारा माणूस आता मी नाही. मग तो माझ्या सहीने इथे राहू नये.

आणि मग जुलैतला तो फोन. डेल्टाची लाट शिखरावर होती. स्वयंसेवक डॉक्टरांचे गट फोनवरून पेशंट तपासत होते, फारच वाईट असेल तर घरी जात होते. यांगूनच्या नॉर्थ डॅगन भागातून एक फोन आला. घरात कोविडचा पेशंट आहे, तब्येत बिघडली आहे, या. डॉक्टर गेले. तिथे पेशंट नव्हता, सैनिक होते. अनेक वृत्तसंस्थांनी तेव्हा ही बातमी दिली.

या घटनेवर मी खूप दिवस अडकलो होतो. सापळा लावायचा तर भित्र्यासाठी एक आमिष लागतं, लोभी माणसासाठी दुसरं. डॉक्टरसाठी त्यांनी काय वापरलं? 'माझ्या घरी कुणीतरी आजारी आहे.' ज्या सरकारने या लोकांवर पेशंटना मरायला सोडल्याचा आरोप ठेवला होता, त्या सरकारला पक्की खात्री होती की पेशंट म्हटलं की हे येणारच. जाहीर आरोप एक आणि मनातली खात्री दुसरी. आणि ही खात्री बरोबर निघाली.

इथून मला माझं उत्तर सापडायला लागलं, आणि त्यासाठी जरा लांब, चिलीला जावं लागेल. १९७५ मध्ये पिनोशेच्या लष्करी राजवटीत शीला कॅसिडी नावाची ब्रिटिश डॉक्टर सँटियागोमध्ये काम करत होती. एका पाद्र्याने तिला पायात गोळी लागलेल्या एका फरारी बंडखोराला तपासायला बोलावलं. तिने तपासलं, उपचार केले. त्याबद्दल गुप्त पोलिसांनी तिला पकडलं, विजेचे शॉक दिले, काही आठवडे डांबलं आणि वर्षअखेरीस देशाबाहेर काढलं. ब्रिटनने आपला राजदूत परत बोलावला.

म्हणजे चिलीत डॉक्टरने उपचार केले म्हणून छळ झाला. म्यानमारमध्ये केले नाहीत म्हणून, आणि मग लपून केले म्हणूनही. वरवर हे उलटसुलट आहे. आतला गुन्हा एकच. माझा पेशंट कोण, हे मी ठरवणार, तुम्ही नाही, एवढंच त्या डॉक्टरांनी म्हटलं होतं. लष्करी सरकारला डॉक्टर हवेच असतात. रुग्णालय चालू दिसलं की सगळं सुरळीत आहे असं दिसतं. त्यांना तो खात्यातला माणूस म्हणून हवा असतो, ज्याला सांगता येईल की याला टाके घाल, त्याला राहू दे, या प्रेताच्या कागदावर हृदयविकार लिही. निदर्शनात गोळी लागलेला मुलगा सरकारी रुग्णालयात नेला तर खाटेवरूनच उचलून नेतील, ही भीती फेब्रुवारी-मार्चमध्ये पोकळ नव्हती. अशा रुग्णालयात थांबणारा डॉक्टर पेशंटची सेवा करतोच, पण जाळ्याचा एक धागाही होतो.

म्हणून मी म्हणतो की ते बरोबर होते. पण ज्यांचं डायलिसिस चुकलं त्यांचं देणं त्यांच्या नावावर आहे, आणि बरोबर असण्याने ते फिटत नाही. आपल्याला सवय अशी की माणूस एकतर बरोबर असतो, नाहीतर देणेकरी. तो दोन्ही असू शकतो.

जे थांबले त्यांचं काय? सगळे गेले नाहीत. काही डॉक्टर सरकारी रुग्णालयात राहिले. कुणी भीतीने, कुणी पगारासाठी, कुणी आयसीयू सोडवेना म्हणून. चळवळीच्या सुरुवातीच्या महिन्यांत अशांची नावं-फोटो फेसबुकवर टाकून त्यांना वाळीत टाकण्याचे प्रकार झाले. टीव्हीवर लष्कराची यादी, फोनवर लोकांची यादी. मला हे वाचताना त्रास झाला. आयसीयूत एकटा राहिलेला तो डॉक्टर रात्री दोनला कोणता निर्णय घेत होता, हे पोस्ट टाकणाऱ्याला कसं कळणार? गावात वाळीत टाकण्याचा इतिहास असलेल्या आपल्या समाजाने तरी याला टाळ्या वाजवू नयेत.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर हे सगळं फार सोज्वळ होईल. २०१७ मध्ये रोहिंग्यांची गावं जळत होती तेव्हा मंडालेच्या डॉक्टरांनी लाल फिती लावल्या नव्हत्या. शहरी, शिकलेला बर्मी मध्यमवर्ग तेव्हा बहुतांशी गप्प होता, बराचसा लष्कराच्याच बाजूने होता. रोहिंग्या 'आपले पेशंट' नव्हते. २०२१ नंतर त्यातल्या अनेकांनी जाहीर माफी मागितली. उशिरा मागितली, पण सैनिक स्वतःच्या दारात आल्यावर का होईना, मागितली. हे वाचून त्यांच्याकडे बोट दाखवण्याआधी मी माझं टाइमलाइन खाली सरकवत नेलं आणि मी कुठल्या कुठल्या गोष्टींवर काही लिहिलं नव्हतं ते बघितलं. यादी इथे देत नाही.

हद्दपारीबद्दल बोलायचं तर थायलंडच्या सीमेवरच्या मे सोत गावाबद्दल बोलायला हवं. १९८८ च्या सप्टेंबरात लष्कराने उठाव चिरडला तेव्हा सिंथिया माउंग नावाची तिशीही न गाठलेली कारेन डॉक्टर काही सहकाऱ्यांबरोबर जंगलातून चालत सीमेपार गेली. थोड्याशा औषधांची पिशवी होती. काही महिन्यांत परत जाऊ असा अंदाज होता. १९८९ मध्ये तिने मे सोतमध्ये दवाखाना सुरू केला. उपकरणं निर्जंतुक करायला भाताचा कुकर वापरला. मलेरिया, बाळंतपणं, भूसुरुंगाने गेलेले पाय. पुढे कृत्रिम पाय तिथेच बनू लागले. वर्षाला लाखभर लोक येऊ लागले. ज्या मुलांचा जन्म कुठल्याच देशाच्या दप्तरी नव्हता, त्यांच्या जन्माचे दाखले मिळवायची खटपट दवाखान्याने सुरू केली. २००२ मध्ये तिला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. काही महिन्यांचा तो मुक्काम तीस वर्षांहून जास्त लांबला, आणि २०२१ मध्ये डॉक्टरांची पुढची पिढी त्याच वाटेने तीच नदी ओलांडून आली.

सगळ्यांचं तसं झालं नाही. हद्दपार कवी नव्या देशात कविता लिहू शकतो, मी लॅपटॉप उघडून कुठूनही कोड लिहू शकतो. डॉक्टरचा परवाना मात्र सीमेवरच कागद होतो. बारा वर्षं शिकलेला सर्जन परक्या गावात भाषा न कळणाऱ्या दुकानात हिशेब लिहीत बसतो, आणि पलीकडे त्याच्या गावात सर्जन नसतो. आपल्या मिझोराममध्येही चिन राज्यातून हजारोंनी माणसं आली, त्यांत आरोग्य कर्मचारीही होते. बरेच जण देशातच, प्रतिकारी गटांच्या ताब्यातल्या भागात, झाडाखाली शस्त्रक्रिया करत राहिले.

२८ मार्च २०२५ ला मंडालेजवळ ७.७ रिश्टरचा भूकंप झाला. तीन हजारांहून जास्त माणसं गेली. भारताने लष्कराचं फील्ड हॉस्पिटल विमानाने मंडालेत नेलं, ११८ जणांची तुकडी. त्याचे फोटो आपल्याकडे सगळ्यांनी पाहिले, मीही अभिमानाने फॉरवर्ड केले. नंतर लक्षात आलं की त्याच शहरात, त्या तंबूपासून काही गल्ल्यांवर, चार वर्षं लपून राहिलेले डॉक्टर असणार. ढिगारे दिसत असणार, आवाज येत असणार. बाहेर पडले तर अटक. आणि तरी काही बाहेर पडलेच.

आता माझ्या धंद्याकडे येतो, कारण बहिणीचा टोला अजून उतरलेला नाही. सर्व्हर झोपल्याने कुणी मरत नाही हे खरं, पण तो जागा असल्याने मरू शकतं. टेलिनॉर ही नॉर्वेची कंपनी म्यानमारमध्ये १ कोटी ८० लाख लोकांना मोबाइल सेवा देत होती. लष्कराने तिच्यावर फोन ऐकण्याची यंत्रणा चालू करण्यासाठी दबाव आणला. कंपनीने सांगितलं की हे आम्हाला मान्य नाही, आणि धंदा विकून मार्च २०२२ मध्ये देश सोडला. ऐकायला डॉक्टरांसारखंच वाटतं. नकार दिला, बाहेर पडले. फरक एवढाच की टेलिनॉर जाताना १ कोटी ८० लाख लोकांची माहिती नव्या मालकांच्या हवाली करून गेली, आणि नव्या मालकांत लष्कराशी लागेबांधे असलेला स्थानिक उद्योगसमूह होता. डॉक्टर रुग्णालयातून निघाले ते पेशंटच्या घरी गेले. कंपनी निघाली ती ऑस्लोला गेली. 'मी यात सहभागी होणार नाही' हे वाक्य दोघांनीही म्हटलं, आणि मला आता त्या वाक्यावर पूर्वीसारखा भरवसा वाटत नाही. म्हणणारा नंतर कुठे जातो तेही बघावं लागतं.

मी स्वतः तर ते वाक्यही म्हटलेलं नाही. पूर्वीच्या एका नोकरीत आम्ही फील्डवर फिरणाऱ्या कंत्राटी कामगारांसाठी अ‍ॅप बनवलं होतं. दर पंधरा मिनिटांनी लोकेशन पाठवायचं. नंतर क्लायंटकडून मागणी आली की शिफ्ट संपल्यावरही चालू ठेवा. मी कॉलवर विचारलं, "युझरला हे कळणार आहे का?" मॅनेजर म्हणाले, "अटी-शर्तींत टाकू." मी मान हलवली, कॅमेरा बंद होता म्हणजे कुणाला दिसलीही नसेल, आणि संध्याकाळी कोड मर्ज केला. तिथे बंदूक नव्हती, ५०५ कलम नव्हतं. फार तर अप्रेझल कमी आलं असतं. ते कामगार कोण, कितीजण, रात्री घरी जाताना त्यांचा ठिपका कुणी बघितला का, मला माहीत नाही. माझ्या कामाची रचनाच अशी आहे की माझा पेशंट मला कधी दिसत नाही. बहिणीला निदान ती कडेवर पोर घेतलेली बाई दिसली.

गेल्या दिवाळीत ती दोन दिवस घरी आली होती. फराळाच्या ताटाशी बसून मी तिला नॉर्थ डॅगनच्या फोनची गोष्ट सांगितली. फोन कसा आला, काय सांगितलं, डॉक्टर कसे गेले, दार उघडल्यावर आत कोण होतं. मला वाटलं ती चिडेल, किंवा म्हणेल की मी नसते गेले.

तिने चकलीचा तुकडा ताटात ठेवला आणि विचारलं, "फोनवर सॅच्युरेशन किती सांगितलं होतं त्यांनी?"